कोठार एकच नाही

'स्मृती म्हणजे एकच कोठार, ते रिकामं झालं की माणूस काही शिकू शकत नाही' हे मत मला पटत नाही. स्मृतीच्या अभ्यासात प्रसिद्ध झालेले रुग्ण हेन्री मोलेसन यांचं उदाहरण इथे यायलाच हवं. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून १९५३ साली शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाचा) मोठा भाग काढला. त्यानंतर नव्या घटना लक्षात राहणं जवळजवळ थांबलं. बोलणं आणि बुद्धी मात्र शाबूत होती.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसन यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार चालू लागला, आणि तरीही हे आपण आधी केलंय याची त्यांना आठवण नव्हती! म्हणजे घटनांची आठवण वेगळी आणि हातांचं शिकणं वेगळं. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातही हातांची ही शिकण्याची ताकद बरीच टिकून असते, त्यामुळे घरच्यांनी रुग्णाच्या हातातली कामं घाईने काढून घेऊ नयेत असं मला फार वाटतं.