‘मेड’ : ॲलेक्स परत का जाते?

नेटफ्लिक्सच्या ‘मेड’ मालिकेत ॲलेक्स जोडीदार शॉनच्या जाचामुळे लहान मुलीला घेऊन घर सोडते आणि घरं साफ करायचं काम धरते. इथल्या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की काम मिळाल्यावरही ती शॉनकडे परत जाते, तिथे मालिका ढिली पडते. मला तोच भाग सगळ्यात खरा वाटला.

पाळणाघराचं अनुदान हवं तर आधी नोकरी दाखवा, आणि नोकरी धरायची तर मुलीला ठेवायला जागा हवी. पहिल्याच भागात ती या फेऱ्यात अडकते. पडद्यावर तिच्याजवळचे डॉलर वजा होत जातात, ते बघताना माझ्याच पोटात गोळा येत होता. साफसफाईचं सामानसुद्धा तिनेच विकत घ्यायचं!

मालिकेबाहेरचं वास्तवही असंच आहे. अमेरिकेत फूड स्टॅम्पवर (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत) डायपर किंवा साबण घेता येत नाही. पगार जरा वाढला की मदत कापली जाते. घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीचं व्हाउचर हातात असूनही घरमालक नकार देतात. वॉशिंग्टन राज्याने हा भेदभाव २०१८ साली कायद्याने बंद केला, पण बऱ्याच राज्यांत तो अजून चालतो. अशात ओळखीचं छप्पर माणसाला ओढणारच. त्यात शॉनने तिला मारलेलं नसतं, म्हणून मुलीच्या केसांतून काचा वेचूनही आपल्यावर अत्याचार झालाय हे तिला स्वतःलाच पटत नाही.

ॲलेक्सच्या ओळखीतल्या नेट या माणसाबद्दल इथे कुणी लिहिलं नाही, याचं नवल वाटलं. तो गाडी देतो, घरात जागा देतो, वागायला सभ्य आहे. पण ॲलेक्स शॉनजवळ गेल्याचं कळताच तिचा तो आसराही जातो. मला शॉनइतकाच तोही खुपला.