ग्रूमिंगविरुद्ध पोलिसांना निधी: यंत्रं घ्यायची की माणसं?

चौकशीखिडकी
२०२३ साली महाराष्ट्र सरकारने सायबर सुरक्षा प्रकल्पाला ८३७ कोटी मंजूर केले. पण मुलांशी ऑनलाइन सलगी वाढवून अश्लील फोटो उकळणारे (यालाच ग्रूमिंग म्हणतात) नुसत्या यंत्रांनी हाती लागणार नाहीत. आयटी कायद्याचं ६७ ब कलम याच गुन्ह्याचं. मात्र ७८ व्या कलमानुसार तपास निरीक्षकाने किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. आणि ठाण्यातला हा निरीक्षक (पीआय) गणपती बंदोबस्तापासून मोर्चापर्यंत सगळीकडे! पैसा पोलिसांच्या नव्या पदांना द्या.

कुलूपकिल्ली
मग जप्त मोबाईल उघडायचा कशाने, दातांनी? आरोपी पासवर्ड देत नाही, फोन प्रयोगशाळेच्या रांगेत, आणि तो अहवाल नसला की दोषारोपपत्र लंगडं. खरी गोम वेगळीच आहे. फोन उघडणाऱ्या यंत्राच्या खरेदीला पैसे मिळतात, त्याच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या वर्षीच्या लायसनला नाहीत. मग लाखांचं यंत्र कपाटात. नूतनीकरणाची तरतूद पहिल्याच निविदेत हवी.

चौकशीखिडकी
यंत्र फार पुढची गोष्ट. २०१९ च्या करारानंतर अमेरिकेच्या एनसीएमईसीकडून (हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था) आलेल्या सूचना एनसीआरबीमार्फत (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) राज्यांकडे येतात. त्यात वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेत असते. तिथले १८:४० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२:१०, तारीखही पुढची. कुणी १८:४० तसंच लिहून इंटरनेट कंपनीला पत्र धाडलं की भलत्याच घराची कडी वाजते. शिवाय मोबाईल नेटवर एकाच आयपीमागे (इंटरनेटवरचा पत्ता) असंख्य ग्राहक; सोबत त्यातला नेमका ग्राहक ओळखायला लागणारा पोर्ट क्रमांक दिला नाही तर उत्तर निरुपयोगी. हे दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं काम, कोटींचं नाही.

खडूफळा
दोघंही गुन्हा घडून गेल्यानंतरचं बोलताय. निधी शाळांकडे वळवा. पोलिसांकडे गेलेल्या पैशाचं काय होतं ते २०२२ मध्ये पाहिलंच: निर्भया निधीतल्या बोलेरो आमदार-खासदारांच्या सुरक्षेला लावल्याच्या बातम्या होत्या.

कुलूपकिल्ली
बोलेरोचं मान्य, लाज आणणारंच ते. पण शाळा मुलाला सावध करेल, समोरचा माणूस कोण ते शोधणार नाही. तो एका मुलावर थांबत नसतो.

खडूफळा
पण पुरावा घरीच मरतो, ते पोलीस निधीने कसं थांबेल? आई-बाप रागाने चॅट उडवतात, किंवा मुलाचा तो अश्लील फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकतात. तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हे कितीजणांना ठाऊक? समोरच्याचं नुसतं प्रोफाइलवर दिसणारं नाव लिहून घेतात. ते रोज बदलतं. प्रोफाइलची लिंक हवी, आणि ती ब्लॉक करण्याआधी.

चौकशीखिडकी
हे पटलं. त्यात एक जोडा: लिंक हाती आली की त्याच दिवशी कंपनीला माहिती जपून ठेवण्याचं पत्र. अमेरिकी कंपन्या अशा विनंतीवर ९० दिवस नोंदी राखतात. ते पत्र लिहायला मात्र ठाण्यात मोकळा माणूस लागतो, म्हणजे आलो पुन्हा पदांवरच.