कायोटीच्या शिकारीत कॉलचा आवाज किती ठेवावा?

टेक्सासकर: इथे पश्चिम टेक्सासात कायोटीला (कोल्ह्यासारखा अमेरिकेतला जंगली प्राणी) भुलवून जवळ आणायला बहुतेक शिकारी इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे प्राण्यांचे आवाज (कॉल) वाजवणारं यंत्र, लावतात आणि पहिल्याच मिनिटाला आवाज पूर्ण चढवतात. माझ्या मते हे साफ चूक आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, आणि कायोटी त्याच कुळातला. गवताखालच्या उंदराची चाहूल घेऊन नेमकी झेप टाकणारा प्राणी आहे हा. तो शंभर यार्डांवर मेस्किटच्या झुडपात बसलेला असेल, तर जखमी सशाची एवढी मोठी किंकाळी ऐकून पळच काढेल. सुरुवात हळू करा, मग थोडा थोडा चढवा, मध्ये गप्प राहा. दुर्बिणीतून बघा कधी: आधी दोन्ही कान वेगवेगळे वळतात, मग एकदम आवाजाच्या रोखाने ताठ होतात. त्यानंतर कॉल बंद केला तरी तो बरोबर तिथे येतो.

प्रेअरीवाला: अजिबात पटलं नाही. आमच्या कॅन्ससात उघडं माळरान आणि सतत वारा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्यातही बारीक सूर हवेत लवकर विरतात. कान कितीही तिखट असोत, आवाज पोचायला तर हवा! मी जॅकरॅबिटचा (मोठ्या रानसशाचा) घोगरा कॉल पहिल्यापासून मोठ्यानेच लावतो.

टेक्सासकर: वाऱ्यात वाढवा ना, पण दोन-तीन मिनिटांनी. जवळ बसलेला आधी हातचा का घालवायचा?

ध्वनिवेडा: कायोटीला वरचे सूर ऐकू येतात म्हणून महागडा कॉलर घेऊ नका. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्यापैकी दाबलेल्या, एमपीथ्री फाइलीत साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक कापलेलं असतं, तरी कायोटी येतातच. तोंडाने वाजवायच्या साध्या रीडच्या (कंप पावणाऱ्या पातळ पट्टीच्या) कॉललाही येतात. किंकाळीतला चढउतार खरा हवा.

रानवाटा: आवाज किती, यापेक्षा कोणता हे मला महत्त्वाचं वाटतं. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. त्या दिवसांत पिल्लाच्या विव्हळण्याचा कॉल लावून आईबापांना बिळाबाहेर काढणं मला क्रूर वाटतं. मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतात.

प्रेअरीवाला: ताई, कोकरांचेही तेच दिवस असतात. कोकरं उचलते ती बहुधा पिल्लांना भरवणारी जोडीच. मेंढपाळाने काय करायचं?

रानवाटा: राखणीची कुत्री ठेवावीत, रात्री कळप कुंपणात घ्यावा. तरीही भागलं नाही तर त्या कुरणापुरतं, त्या जोडीपुरतं बघावं. हौसेच्या शिकारीत तो कॉल नकोच, यावर मी ठाम आहे.

टेक्सासकर: यात मी ताईंच्या बाजूने. आणि आवाजाबद्दल अजून एक. कानाने जागा कळली तरी खात्री तो नाकानेच करतो, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे कॉलरकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, येतो. म्हणून कॉलर स्वतःपासून दूर ठेवा आणि कॉलरच्या खालच्या अंगाची जमीन नजरेत राहील असे बसा.

प्रेअरीवाला: हे मान्य. आवाज मात्र मी मोठाच ठेवणार.