मदत हवी आहे: कॅप्टन अमेरिकाची ढाल सॅमकडे कशी आली, हे मुलांना कोणत्या क्रमाने दाखवावं?

मालवणात मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतल्या मुलांसाठी तीन संध्याकाळी पडदा लावायचा आहे. विषय एकच, जुना नायक बाजूला होतो आणि नवा उभा राहतो.

मार्व्हलचा 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) हा सिनेमा १८१ मिनिटांचा आहे. त्याच्या शेवटी म्हातारा झालेला स्टीव्ह, म्हणजे पहिला कॅप्टन अमेरिका, आपली ढाल मित्र सॅमच्या (फाल्कनच्या) हाती देतो. पुढचा सिनेमा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (२०२५) थेट लावला, तर मुलं गोंधळणार, कारण खरं वारसपण मधल्या २०२१च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या सहा भागांच्या मालिकेत घडतं. पहिल्या भागात सॅम ढाल संग्रहालयाला देऊन टाकतो, सरकार ती जॉन वॉकर या सैनिकाला देऊन त्याला नवा कॅप्टन अमेरिका करतं. चौथ्याच्या शेवटी वॉकर भर चौकात त्याच ढालीने एकाला मारतो आणि तिच्या कडेवर रक्त दिसतं. ढाल मिळाली म्हणून कोणी वारस होत नाही, हे तिथे कळतं. पाचव्यात सॅम ती फेकायचा सराव करतो, सहाव्यात कॅप्टन होऊन उतरतो, तोही स्टीव्हसारखं अंगात अचाट बळ आणणारं सीरम न घेता. दशावतारात राजाचा मुकुट चढवला तरी नव्या नटाला आवाज स्वतःचाच लावावा लागतो, तसंच हे.

सहाही भाग दाखवायला वेळ नाही. पहिला, पाचवा आणि सहावा पुरतील का? दुसरा गाळला तर आयझाया ब्रॅडली (सीरम दिलेला, पण सरकारने तुरुंगात डांबलेला कृष्णवर्णीय सैनिक) कोण हे कळत नाही, आणि त्याच्याशिवाय ढाल ठेवायला सॅमचा नकार पोकळ वाटतो. चौथ्यातलं रक्त आठ-दहा वर्षांच्या मुलांना चालेल का?

शिवाय ओटीटीची वर्गणी घरी पाहण्यापुरतीच असते. जाहीर खेळाची रीतसर परवानगी कुणी काढली असेल, तर अर्ज कुठे केला ते कृपया सांगा.