पक्षाघातानंतर वर्षभर दमायचंच नाही?

उंबरठा
काल इथे एकांनी लिहिलं: "अर्धांगवायू झालेल्याने वर्षभर दम लागेल असं काही करू नये. मालिश आणि आराम. जोर लावला की हातपाय आणखी ताठरतात."
नेमकं हेच ऐकून आम्ही आईला सात महिने खुर्चीत बसवून ठेवलं. पाय पक्षाघाताच्या झटक्याने गेला, दम मात्र आमच्यामुळे गेला. न्हाणीघरापर्यंत दहा पावलं टाकली की ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. झटक्यानंतर शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या जवळपास निम्मी उरते, आणि लंगडत चालायला ताकद उलट जास्तच लागते. मग बसवून ठेवून मिळवायचं काय? २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, ७५ चाचण्या आणि ३०१७ रुग्ण होते. दम वाढवणाऱ्या व्यायामाने, त्यातही चालण्याच्या, चालण्याचा वेग सुधारला. आणि ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो ही जुनी भीती अभ्यासांत टिकलेली नाही.

थेट_बोलतो
ते वाक्य माझंच. माझ्या वडिलांना झटक्याच्या दुसऱ्याच दिवसापासून "उठा, चाला" म्हणून उभं करत होते. पाचव्या दिवशी पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते चाललेच नाहीत. तुमच्या आढाव्यात ते कुठे बसतात? आणि झटक्यानंतर लवकर उठवण्याबद्दलची अवर्ट चाचणी सोयीने गाळलीत. २०१५, २१०४ रुग्ण. ज्यांना २४ तासांच्या आत आणि वारंवार उठवलं, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा कमी चांगली निघाली.

उंबरठा
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण अवर्ट पहिल्या दिवसांबद्दल आहे आणि तुम्ही वर्ष म्हणालात. एका दिवसाच्या घाईचा राग बाराही महिन्यांवर का काढता?

जुनीवही
दोघंही पायावरच भांडताय. हाताचं कोण बोलणार? सासऱ्यांसाठी आम्ही दारावर कप्पी टांगली. चांगल्या हाताने दोरी ओढायची, लुळा हात वर. रोज पन्नास वेळा. खर्च नाही, दमणं नाही.

मोकळा_श्वास
कप्पी काढा, कळकळीने सांगते. मी फिजिओ आहे. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. ते ढिले पडले की हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो, खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खळगा लागतो. तसा हात दोरीने डोक्यावर खेचला की आतले पदर चिमटतात. डोक्यावरची कप्पी वापरू नये असं अमेरिकेतल्या २०१६ च्या पुनर्वसन-मार्गदर्शनात लिहिलंय.

जुनीवही
आम्ही दीड वर्ष केलं. हात वर जातो. तुमचं मार्गदर्शन तुमच्याकडे ठेवा.

मोकळा_श्वास
दुखतो का? रात्री त्या कुशीवर झोपतात का?

जुनीवही
त्या कुशीवर नाही झोपत. वय झालंय.

मोकळा_श्वास
वयाचं नाव पुढे करून आम्ही किती खांदे गमावतो! आणि कप्पीच नाही, घरचे लोक रोज काखेत हात घालून रुग्णाला उचलतात, सदरा चढवताना मनगट धरून ओढतात. हे सांगून सांगून घसा बसला. आधार पाठीला आणि कमरेला द्या. सदऱ्यात लुळा हात आधी घाला.

थेट_बोलतो
मूळ विषय राहिला बाजूला. असो. "वर्षभर" हा शब्द मी मागे घेतो, बाकी काही नाही. डॉक्टरांनी हृदय आणि बीपी तपासल्याशिवाय कुणाला दमवू नका.

मोकळा_श्वास
हे मान्य. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारं औषध, चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, ती दबलेलीच राहते. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम पुरे. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांचे तुकडे, सवय झाली की वीस मिनिटं, आठवड्यातून तीन ते पाच दिवस. ताकदीचा व्यायाम दोन-तीन दिवस, आणि जोर लावताना श्वास रोखायचा नाही, बीपी उसळतं. तोल जाणाऱ्याजवळ माणूस उभा हवाच. थेट_बोलतो, तुमच्या वडिलांजवळ तो होता का?

थेट_बोलतो
नव्हता.

उंबरठा
आमच्याही दारावर कप्पी आहे. मीच टांगली होती. आत्ता उतरवली.