क्वेकर सभागृहाच्या बागेतली टाचणी: कफनाची असेल का?

सातारकरीण_कंब्रियात: मंडळी, मी इंग्लंडात कंब्रियात राहते. इथल्या एका जुन्या क्वेकर (साधेपणा मानणारा एक ख्रिस्ती पंथ) सभागृहाच्या बागेत गावकरी मिळून उत्खनन करतायत, दर शनिवारी मीही जाते. मीटर बाय मीटरचा खड्डा, दहा-दहा सेंटिमीटरने माती काढायची, चाळायची. परवा चाळणीत पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या दांड्यांचे सात तुकडे आले आणि एक तांब्याची टाचणी, हिरवी पडलेली. खापरांबरोबर मी तीही टूथब्रशने घासायला घेतली! "धातू धुवायचा नसतो," म्हणत आमच्या प्रमुख बाई धावत आल्या. लाजले.

पण खरी धास्ती वेगळीच. इथे माणसं पुरलेली आहेत असं जुन्या नोंदवहीत आहे, आणि बागेत थडग्याचा एक दगड नाही. टाचणी कफनाची असली तर? आई फोनवर म्हणाली, "कुणाची माती उकरू नकोस गं."

खापरवेडा: ताई, एका टाचणीवरून काही ठरत नाही. तेव्हा बायकांचे कपडे टाचण्यांवरच तगायचे, कुठेही पडायच्या. वरच्या भुसभुशीत मातीत, चिलमींसोबत सापडली म्हणजे बहुधा केरातली. पुरलेल्या जागी खड्ड्याची कड दिसते, आतल्या मातीचा रंग बदलतो. हाड दिसलं तर मात्र हात थांबवा आणि बाईंना हाक मारा. तिथे मानवी अवशेष हलवायला न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो.

दगड नसणारच. मेल्यावर कसला लहानमोठेपणा, म्हणून क्वेकरांना दगड नकोच होते. १७१७ साली त्यांच्या लंडनच्या वार्षिक सभेने असलेलेही काढायला सांगितले. सगळ्यांना सारखे, साधे, बुटके दगड चालतील हे १८५० मध्ये ठरलं.

जुनी_कागदपत्रं: नोंदवहीत 'पहिला महिना' असेल तर तो जानेवारी समजू नका. वारामहिन्यांना देवांची नावं नकोत म्हणून ते आकडे वापरत, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च.

खापरवेडा: हो, आणि दांड्यांच्या भोकात ड्रिलचे बिट घालून बघा. दांड्या लांबत गेल्या तसं भोक बारीक झालं. ६/६४ इंच साधारण १६८० ते १७२०, ५/६४ त्यानंतरची तीसेक वर्षं. सातच तुकडे आहेत, तेव्हा अंदाजापुरतंच.

सातारकरीण_कंब्रियात: नवऱ्याची ड्रिलची पेटी पळवली. पाच तुकड्यांत ५/६४ चपखल बसला, दोघांत ६/६४. आणि ज्या दफनाची नोंद मी जानेवारीतली धरून बसले होते, ती मार्चची निघाली! टाचणी आता छोट्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीशेजारी आहे. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "धुतलीस कशाला?"