बाळ घरी आलं तेव्हा घरात काय चाललं होतं?

चाफा
काल माळा आवरताना शंभर पानी वही सापडली, लेकीच्या जन्मानंतरची. 'रात्री १.४० डावीकडे १२ मिनिटं. ३.१५ उजवीकडे. शू २, शी १.' सगळं नवऱ्याच्या अक्षरात. आणि एका पानावर नुसतंच, 'ही आज दुपारभर रडली. काय करू?' तेव्हा मला वाटायचं, याला कशाचं काही नाही. वही घेऊन तिथेच फरशीवर बसले. तुमच्याकडे कसे गेले ते दिवस? बाबांनी, आज्यांनीही लिहा.

पाऊसवेडी
सिझरचे टाके, मे महिना आणि खाटेखाली शेगडी! आईला शेक हवा, मला पंखा. बघायला येणारी प्रत्येक बाई 'दूध कमी पडतंय वाटतं' म्हणून जायची. मालिशवाल्या मावशींनी टाळू भरता भरता विचारलं, 'पोरी, रात्री डोळा लागला का गं?' त्यांचा हात धरून रडले. बाकी नंतर, कुकर झाला.

डोंबिवलीकर
केंद्र सरकारची नोकरी, पितृत्व रजा १५ दिवस. दवाखाना, पाचवी, जन्मदाखला यातच संपली. सोळाव्या दिवशी डबा घेऊन निघालो, ही बाळाला घेऊन दारात उभी. बोलली काहीच नाही. ठाण्यापर्यंत तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. खासगीतल्या मित्रांना तर कायद्याने तेवढीही नाही. आईला २०१७ पासून २६ आठवडे झाले, ते हवेच होते. पण रात्री दुसरं माणूस नको का उठायला?

सांजवात
रडू दोन आठवड्यांत ओसरतं म्हणतात, माझं ओसरलंच नाही. बाळाकडे बघून काही वाटायचंच नाही. घरच्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनी मलाच खुर्चीत बसवलं, दहा प्रश्नांचा कागद दिला. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला असतो. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तिथे पेन थांबलं. डॉक्टरांनी बाळाला पाजता येईल अशाच गोळ्या दिल्या, सहा महिन्यांनी माणसात आले. आत्ता कुणाचं असं चाललं असेल तर १४४१६ लावा, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पाऊसवेडी
सांजवात, किती सोसलंस गं. बरं झालं लिहिलंस.

माईआजी
मी सासू. सुनेसाठी अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं वेळच्या वेळी. एकदा ती म्हणाली, 'आई, खीर राहू दे, अर्धा तास बाळाला घ्या.' मला लागलं ते. दोन दिवस गप्प होते. मग रात्री १० ते २ नातू माझ्याकडे घेतला. सून सलग झोपली, तसा तिचा चेहराच बदलला.

नवीनच
माईआजी, मला सातवा लागलाय. डिंकाचे लाडू आत्ताच करून ठेवू का?

माईआजी
नववा लागू दे. डिंक मंद आचेवर थोडा थोडा तळ, नाहीतर आत कच्चा राहून दाताला चिकटतो. आई आहे ना जवळ?

नवीनच
नाही हो. आम्ही दोघंच.

डोंबिवलीकर
चाफा, वही दाखवलीत त्यांना?

चाफा
नाही अजून. आठला येईल तो. टेबलावर उघडी ठेवलीये.